डाव्या पॅडातली सरकी

मी एक जुना पॅड आहे, आणि त्यातही डावा.

मित्रांनो, तुम्ही आजवर जुन्या छत्रीची, फुटक्या पाटीची आणि थकलेल्या बैलाची कहाणी ऐकली असेल. आपण मालकाच्या फार उपयोगी पडलो, असं ते सगळे सांगतात. मीही पडलो होतो. माझी अडचण एवढीच, की ज्या दिवशी मी उपयोगी पडलो नाही, नेमकं त्याच दिवसाबद्दल माझं नाव झालं.

मी हॉकीच्या गोलकीपरच्या पायाला बांधायचा पॅड. माझा जन्म सेलूला, कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात, १९५३च्या पावसाळ्यात झाला. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला तेव्हा पाच वर्षं होत आली होती. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या. पाट्यांखाली बसणारी माणसं बहुतेक तीच होती. सेलू आणि परभणीच्या दोन जिनिंगमध्ये दरवर्षी हॉकीच्या एका ढालीसाठी सामना व्हायचा. त्या ढालीवर पूर्वी एका जहागीरदाराचं नाव होतं. आता त्यावर पितळी पट्टी ठोकून ‘जनता ढाल’ असं कोरलं होतं. पट्टी तोकडी पडली होती, त्यामुळे जनतेच्या कडेनं जहागीरदार अजून थोडे बाहेर डोकावत.

खेळाडू पगारी असत. हैदराबादहून, औरंगाबादहून आणलेले. कागदावर कुणी फिटर, कुणी तेलवाला. पण त्यांच्या हातात पाना कुणी पाहिला नव्हता. आमच्या संघात गावचा गडी एकच, सुग्रीव. सीझनमध्ये तो प्रेसवर रुईच्या गाठी बांधायचा. एकदा आवारात चेंडू सणसणत आला, बाकीचे बाजूला झाले आणि हा झाला नाही, म्हणून तो गोलकीपर झाला. मॅनेजरांना ते धाडस वाटलं. खरं तर त्याच्या डोक्यावर कापसाचं बोचकं होतं आणि त्याला चेंडू दिसलाच नव्हता.

या मॅनेजरांचं नाव बन्सीधर. हैदराबादला शिकलेले, वाचनाचा नाद असलेले गृहस्थ. परभणी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये त्यांना कुणीतरी विसरलेलं एक जुनं विलायती मासिक सापडलं. त्यात बर्फावरच्या हॉकीची हकीकत होती. कुठल्याशा थंड मुलखात पगारी खेळाडूंचे दोन संघ विजेतेपदासाठी एकामागून एक सात सामने खेळले. त्यातले चार जिंकेल तो अजिंक्य. बन्सीधरांनी ते सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं.

“मोठ्या दालनात बर्फ पसरतात आणि त्यावर खेळतात,” ते म्हणाले.

“बर्फावर?” सुग्रीव म्हणाला. “साहेब, आपल्याकडं लग्नाला परभणीहून बर्फ आणावं, तर मानवत रोडपस्तोर निम्मं पानी व्हतंय. निम्म्या मैदानावर कसं खेळायचं?”

सगळे हसले. बन्सीधर हसले नाहीत. बर्फ आणता येत नाही, पण सात सामने आणता येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी परभणीला पत्र टाकलं. परभणीकरांनी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला. इतका झटपट होकार आला, तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती. नंतर कळलं की त्यांनी हैदराबादहून जब्बार नावाचा फॉरवर्ड आणला आहे, आणि तो सराव करतो त्या बाजूच्या कडुलिंबांची साल सोलून निघाली आहे.

त्या मासिकात एक फोटो होता. गोलकीपर उभा, कपाळाला टाके घातलेले आणि दोन्ही पायांना मांडीपर्यंत जाडजूड पॅड. तोच फोटो माझा बाप. बन्सीधरांनी तो मोटा शिवणाऱ्या भुजंगपुढे ठेवला आणि म्हणाले, “असे दोन.”

भुजंगनं आयुष्यभर विहिरीच्या मोटा शिवल्या होत्या. त्यानं मोटेचंच कातडं घेतलं, कडक, वाळलं की लाकडासारखं उभं राहणारं. प्रश्न भरायचं काय, एवढाच राहिला. भुजंगनं रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, मागितली. पण पावसाळा होता, जिन बंद होतं, रुई सगळी गाठींत बांधून गेली होती. गोदामाच्या कोपऱ्यात गेल्या सालचा थोडा कापूस तेवढा पडून होता, सरकीसकट.

“हाच भर,” बन्सीधर म्हणाले. “सरकी राहिली तर उलट टणक होईल.”

“साहेब, सरकीला उंदरं लागतेत.”

“उंदीर काय हॉकी खेळतात?”

मॅनेजर विनोद करतात तेव्हा कामगारानं हसायचं असतं. भुजंग हसला आणि कापूस भरू लागला. पण जाताना सुग्रीवला बाजूला घेऊन म्हणाला, “सुग्रीवा, हर सामन्यानंतर म्या येऊन दाबून बघत जाईन. माझ्या बिगर ह्ये पायाला बांधू नगंस.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच, आणि ते मोटा शिवणाऱ्या माणसानं उच्चारलं, त्यामुळे त्याची कुठं नोंद झाली नाही.

सुग्रीवला ही ढाल का हवी होती, तेही सांगतो. जिनिंगचं काम दसऱ्याला सुरू होतं आणि होळीला संपतं. उरलेलं निम्मं वर्ष सुग्रीव आणि त्याची आई धुरपताबाई सडकेवर खडी फोडायला जात. म्हातारीच्या डाव्या डोळ्यात एकदा खडीची कपची गेली होती. त्या डोळ्यानं तिला आता उजेडच तेवढा दिसे. जिनिंगच्या मालकांनी, सेठजींनी, सगळ्यांसमोर शब्द दिला होता, “ढाल आण सुग्रीव, तुला बारमाही करतो.” बारमाही झाला की म्हातारीची खडी सुटणार होती. सुग्रीव त्या गोलात उभा राहायचा तो एवढ्यासाठी.

पहिले पाच सामने झाले. तीन परभणीनं जिंकले, दोन आम्ही. जब्बारचा चेंडू माझ्यावर आदळायचा आणि धप्प असा भरलेला आवाज यायचा. तो आवाज ऐकून लोक टाळ्या वाजवत. मला वाटे, टाळ्या माझ्यासाठीच आहेत. प्रत्येक सामन्यानंतर भुजंग यायचा, अंगठ्यानं मला वरपासून खालपर्यंत दाबायचा, कुठं पोकळ लागलं की उसवून मूठभर कापूस कोंबायचा आणि आरीनं पुन्हा शिवून टाकायचा. मला ते आवडत नसे. स्तुती ऐकायची सवय लागली की अंगठा टोचतो.

सहावा सामना नवरात्रातल्या पाचव्या माळेला झाला. तो आम्ही जिंकला. तीन-तीन. सातवा सामना परभणीला, दसऱ्याच्या दिवशी दुपारी ठरला. बन्सीधर म्हणाले, “सीमोल्लंघनच आहे.” टाळ्या पडल्या.

त्या सहाव्या सामन्यात जब्बारचा एक फटका सुग्रीवच्या कानाजवळून गेला होता. धुरपताबाईनं ते ऐकलं. आम्ही घरी आलो तशी तिनं आम्हा दोघांना, मला आणि उजव्याला, सुग्रीवच्या हातातून काढून घेतलं आणि नेऊन घटापाशी ठेवलं.

“आता दसऱ्यापस्तोर देवीच्या पायाशी ऱ्हाऊ दे. ती बघंल.”

उजव्याला भिंतीकडे ठेवलं. मला घटाला लागून. घटाखाली माती, मातीत पेरलेलं धान्य, शेजारी अखंड दिवा, वर रोज एक नवी माळ. मला फार मान वाटला. मोटेचं कातडं मी. देवघरात माझं कुणी कधी बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी दळण आणायला गेली आणि उंदीर आला.

तो आधी घटाच्या धान्यासाठी आला होता. चार दाणे खाल्ले, मग त्याला माझा वास आला. मागच्या बाजूची शिवण त्यानं कुरतडली आणि तो आत शिरला. मित्रांनो, माझ्या पोटात कुणीतरी फिरतंय आणि मला ओरडता येत नाही, ही गोष्ट मी तुम्हाला जितकी शांतपणे सांगतो आहे तितकी ती शांत नव्हती. तो एकेक सरकी फोडायचा, आतला गर खायचा, टरफल तिथंच टाकायचा आणि जाताना तोंडभर कापूस घरट्यासाठी घेऊन जायचा. जाणं-येणं बायको-पोरांसकट सुरू झालं.

म्हातारीला कळलं नाही असं नाही. सातव्या माळेला तिनं त्याला माझ्यामागून पळताना पाहिलं. हातात केरसुणी होती. तिनं ती खाली ठेवली.

“गणपतीचं वाहन हाय. देवीच्या दर्शनाला आलंय,” ती शेजारच्या बायनाबाईला म्हणाली. “नवरात्रात हाकलू न्हाई.”

“चांगला शकुन हाय, धुरपतामाय,” बायनाबाई म्हणाली. “ढाल येतीय बगा.”

शकुन दिवसेंदिवस जाडजूड होत गेला.

आठव्या दिवशी भुजंग ठरल्याप्रमाणे आला. दारातच म्हातारीनं अडवलं.

“दाबून बघायचंय, धुरपतामाय. एकदाच.”

“देवीपुढची चीज उचलीत असतेत व्हय रं?”

“उचलीत न्हाई. बसल्या जागी दाबतो.”

“उद्या खंडेनवमी. उद्या ये, पूजेला ये, परसाद घेऊन जा.”

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. त्या दिवशी म्हातारीनं मला नडगीच्या जागी हळदकुंकवाचा मोठा पट्टा ओढला, वर झेंडूचं फूल ठेवलं. भुजंग आला, नमस्कार करायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. माझ्या बुडाशी त्याला सरकीचं फोडलेलं टरफल दिसलं होतं. एक उचलून त्यानं बोटावर घेतलं.

“सुग्रीवा,” तो हळूच म्हणाला, “आतून पोकळ झालंय बघ ह्ये. उसवावं लागतंय.”

“मग उसव की, तात्या.”

भुजंगचा हात कमरेशी गेला आणि रिकामाच परत आला. त्याची स्वतःची आरी त्या वेळी त्याच्या घरात, पाटावर, कुंकू लावून ठेवलेली होती. त्याच्या बापानं ती खंडेनवमीला कधी उचलली नव्हती, आज्यानंही नव्हती.

“उद्या पहाटं येतो,” तो म्हणाला.

तो आला. पण गाडी त्याच्याआधी आली. वर्षभर उशिरा येणारी गाडी त्या दिवशी वेळेवर आली, यावरून तुम्ही काय ते समजा. भुजंग आरी घेऊन फलाटावर धावत होता आणि खिडकीतून सुग्रीव म्हणत होता, “कुंकू लागलेलं कसं उसवू, तात्या? माय काय म्हनंल?”

“माय काय म्हनंल ते मागून बघ! दाबून तर बघ, गाढवा!”

सुग्रीवनं मला उचललं. आणि इथंच घात झाला. तो म्हणाला, “दाबायचं काय? लय हलका झालाय पॅड. फुलासारखा.”

कापसाच्या धंद्यातल्या माणसानं हे बोलावं! कापसाच्या वजनात तीन भागांतले दोन भाग सरकीचे असतात, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. पण शेजारी बसलेले बन्सीधर म्हणाले, “देवीचा हात लागला,” आणि सगळ्या डब्यानं मान डोलावली. उजवा माझ्याकडे बघत होता. तो पूर्वीइतकाच जड होता. पण जड असणाऱ्याचं कोण ऐकतं?

सामना सुरू झाला. माझ्यावर फारसे चेंडू आले नाहीत. गोलावर जे आले ते उजव्यानं घेतले. मध्यंतरानंतर आमचा एक गोल झाला. मग शेवटची दोन मिनिटं उरली आणि परभणीला शॉर्ट कॉर्नर मिळाला.

चेंडू गोलासमोरच्या डीच्या कडेवर थांबवला गेला. जब्बारनं हॉकी मागे नेली. त्या क्षणी मला वाटलं, सुग्रीवनं उजवा पाय पुढे करावा. बायकांच्या बाजूनं कुणीतरी देवीचं नाव घेतलं. सुग्रीवनं डावा पाय पुढे केला. कुंकू डाव्याला होतं ना.

धप्प असा आवाज आला नाही. आला तो वाळली काटकी मोडल्यासारखा.

चेंडू बाहेर गेला. सुग्रीव पडला नाही. गोलाच्या खांबाला धरून तो उभा राहिला, शिट्टी होईपर्यंत. आम्ही ढाल जिंकली होती. सगळे ढालीकडे धावले. सुग्रीवकडे एकटा जब्बार आला. त्यानं त्याला खाली बसवलं, माझे बंद सोडले आणि माझ्यावर हात ठेवला. चेंडूनं फुटलेल्या कातड्यातून अंगठा आत गेला.

“मियाँ,” तो म्हणाला, “ये तो खाली है. इसमें कुछ नहीं है.” त्याच्या हाताला टरफलं लागली. “मेरे को मालूम होता तो मैं इतने जोर से नहीं मारता, यारो.”

“कुनाला सांगू नगंस,” सुग्रीव म्हणाला. तोंड पांढरं पडलं होतं. “माझ्या मायला कळंल.”

जब्बारनं कातडं आतून ढकलून पुन्हा सरळ केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

नडगी दोन ठिकाणी मोडली होती. हाड बसलं, पण पाय बोटभर आखूड झाला. सेठजींनी शब्द पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे. सुग्रीव बारमाही झाला. प्रेसवर उभं राहणं जमणार नव्हतं, म्हणून त्याला गेटवर स्टूल दिलं. म्हातारीची खडी सुटली. उजव्या पॅडाला त्या स्टुलावर गादी म्हणून टाकलं. तो अजून कामात आहे आणि मला तसं ऐकवतो.

मी मात्र कचेरीत गेलो. ढालीखाली, काचेच्या कपाटात. भुजंग एकदा आरी घेऊन आला होता. “उसवून भरून देतो, साहेब.” बन्सीधर म्हणाले, “ही ऐतिहासिक वस्तू आहे.” त्यानंतर भुजंग लेकीच्या गावी गेला आणि तिकडचाच झाला. दरवर्षी खंडेनवमीला मला बाहेर काढत. धुरपताबाई, आता पार वाकलेली, आपल्या हातानं मला कुंकवाचा पट्टा ओढायची आणि म्हणायची, “ह्यानं माझ्या लेकाला वाचवलं. न्हाईतर पाय मुळातूनच गेला असता.” सुग्रीव गेटवरच्या स्टुलावरून बघायचा. माझ्या अंगावर हळदकुंकवाचे पाच थर चढले. आत टरफलं आणि एक सोडून दिलेलं घरटं होतं.

दरम्यान हैदराबाद राज्य गेलं, आम्ही मुंबई राज्यात आलो आणि ढालीवर दुसरी पट्टी बसली.

१९५८ साली पुन्हा तीन-तीन झालं. पुन्हा सातवा सामना, पुन्हा दसरा. आमचा गोलकीपर तेव्हा व्यंकटी होता, प्रेसवरचाच तरणा गडी, नवं लगीन झालेला. खंडेनवमीच्या पूजेला सगळी जिनिंग जमली होती. बन्सीधरांनी मला उचलून दाखवलं आणि जाहीर केलं, “उद्या व्यंकटीच्या डाव्या पायाला हाच पॅड. यानं आपल्याला ढाल दिली आहे.”

टाळ्या पडल्या. व्यंकटीनं मला दोन्ही हातांत घेतलं आणि लाजून हसला. मग तो म्हणाला, “लय हलका हाय की हो.”

“देवीचा हात लागलाय,” धुरपताबाई म्हणाली.

मित्रांनो, मी पाच वर्षांत पहिल्यांदा गेटाकडे आशेनं बघितलं. स्टूल रिकामं होतं.

सुग्रीव लंगडत गर्दीतून येत होता. तो माझ्यासमोर उभा राहिला, आईकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. त्यानं अंगठा माझ्या नडगीवर, कुंकवाच्या बरोबर मधोमध ठेवला.

“आरं, पूजा झालीय!” बन्सीधर ओरडले. “आज हात लावत नसतात!”

“पूजा झालीय न्हवं?” सुग्रीव म्हणाला. “मग आता बघू.”

त्यानं दाबलं. पाच थरांचं कुंकू तडकलं आणि अंगठा मुळापर्यंत आत गेला. त्यानं तो बाहेर ओढला तसा भोकातून टरफलांचा चुरा सांडू लागला. बराच वेळ सांडत होता.

धुरपताबाई जवळ आली. एका डोळ्यानं तिनं भोक बघितलं, खाली वाकून चुरा चाचपला, एक टरफल बोटांत धरून ठेवलं. तिला तो उंदीर आठवत असावा. आपण खाली ठेवलेली केरसुणीही आठवत असावी.

“तुला ठाव व्हतं?”

“व्हय, माय.”

“कवापासून?”

“त्याच दिशीपासून.”

“आन् पाच वर्सं मला कुकू लावू दिलंस?”

सुग्रीवनं आखूड पाय नुसता थोडा मागे घेतला, लहान मुलं मळलेला हात मागे घेतात तसा.

म्हातारीनं पदराचं टोक धरलं आणि माझ्यावरचं कुंकू पुसायला लागली. सगळं पुसलं, कातडं दिसेपर्यंत. मग तिनं मला बन्सीधरांच्या हातात ठेवलं, आणि व्यंकटीला म्हणाली, “लेकरा, उद्या जे पायाला बांधशील, त्ये आधी तूच दाबून बघ. देवीचं नाव मागून घे.”

व्यंकटीनं दुसऱ्या दिवशी कुठला पॅड बांधला, सामना कोणी जिंकला, ते मला ठाऊक नाही. मला पुन्हा कपाटात ठेवलं नाही, त्यामुळे ढाल आली की नाही ते दिसलं नाही. मी आता गोदामाच्या कोपऱ्यात आहे, गेल्या सालच्या कापसाशेजारी. इथं उंदीर पुष्कळ आहेत. ते माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. माझ्यात काही नाही, हे त्यांना माणसांच्या पाच वर्षं आधीच कळलं होतं.

मित्रांनो, ज्या वस्तूच्या भरवशावर तुम्ही हाडं ठेवता, तिची पूजा जरूर करा. आम्हालाही मान आवडतो. मला तर फारच आवडला होता. पण कुंकू लावण्याआधी एकदा अंगठा दाबून बघा. आणि एखादी जड वस्तू अचानक फुलासारखी हलकी लागली, तर हात जोडू नका. आरी शोधा.